लाडवांचा डबा आणि सरकारी खजिना

बँकेत शिरलं की मला उगीचच अपराध्यासारखं वाटतं. खातं माझं, पासबुक माझं, त्यातली शिल्लकही (ती जी काय असते ती) माझीच. तरीसुद्धा दारातल्या बंदूकवाल्यानं नुसतं वर पाहिलं, की माझे दोन्ही हात आपोआप खिशातून बाहेर येतात. खरं तर त्या बिचाऱ्याच्या बंदुकीतून गोळी सुटली तर सगळ्यांत जास्त आश्चर्य त्याचं त्यालाच वाटेल. पण मनाला कोण समजावणार? काउंटरवर पोचेपर्यंत मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागचं दार कुठं आहे, मॅनेजर कुठं बसलाय, कॅशियरच्या पायाखाली घंटेचं बटण असेल का, हे सगळं टिपून घेतो. आणि मग अत्यंत नम्रपणे पाचशे रुपयांची स्लिप पुढे सरकवतो.

या रोगाचं मूळ माझ्या धाकट्या काकांत आहे.

आमचे धाकटे काका बी.ए. झाले होते आणि त्यानंतर काही होत नव्हते. त्यामुळे त्यांच्याकडे वेळ भरपूर असे. आम्ही राहायचो कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. दुपारी जेवण झालं की घरातली कर्ती माणसं लवंडायची आणि आम्ही पोरं माळ्यावर काकांच्या भोवती जमायचो. त्या काळी पोरांना वळण लावायचं काम शाळेकडे असे आणि बिघडवायचं काम बाबूराव अर्नाळकरांकडे. झुंजार आणि काळापहाड ही दोन नावं आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होती. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस स्वतः चष्म्याचं दुकान चालवायचा, हे मला फार नंतर कळलं. निम्म्या महाराष्ट्राला रात्री चिमणीच्या उजेडात वाचायला लावायचं आणि मग चष्मे विकायचे, यात मला आजही एक सुसंगती दिसते.

करवीर नगर वाचन मंदिर ही आमच्या गावची १८५० सालापासूनची जुनी, प्रतिष्ठित संस्था. तिथून काका आजोबांसाठी ज्ञानेश्वरीवरची व्याख्यानं आणत. स्वतःसाठीचा माल मात्र ते महाद्वार रोडवर फुटपाथवरून उचलत. असंच एकदा, १९६८ सालच्या उन्हाळ्यात, त्यांनी मुखपृष्ठ फाटलेली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली. नाव कुणालाच कळलं नाही, कारण नावाचं पानही मागच्या गिऱ्हाइकानं कशाला तरी वापरलं होतं. विषय होता अमेरिकेतल्या महामंदीतले बँकलुटारू आणि त्यांच्या मागावरचे पोलीस. काका ती रोज दुपारी आम्हाला मराठीत सांगत. मराठीत म्हणजे मंगळवार पेठेच्या मराठीत.

"मग जानबा आत गेला," काका सांगायचे. जानबा म्हणजे जॉन डिलिंजर. "आत जाऊन कॅशियरला म्हणाला, 'भावा, हात वर कर. आणि गडबड करायची न्हाई, आपल्याला वेळ हाय.'"

डिलिंजर खरोखरच असं बोलत असावा अशी माझी चाळिशीपर्यंत समजूत होती.

पुढे मोठेपणी मी त्या जानबाचा खरा इतिहास शोधून वाचला, तेव्हा काकांनी फारसं काही वाढवलं नव्हतं असं लक्षात आलं. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३० ते १९३३ या चार वर्षांत अमेरिकेतल्या नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या. म्हणजे लोकांनी आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन ठेवलेला पैसा आधी बँकांनीच बुडवला. ज्यांच्या बँका तगल्या त्यांच्या जमिनी गहाणात गेल्या. अशा वेळी कुणी बँक लुटली तर शेजारच्या माणसाला त्याचं फारसं दुःख होईना. प्रिटी बॉय फ्लॉइड नावाचा एक लुटारू तर बँकेत शिरला की गहाणखतं जाळून टाकतो, अशी दंतकथाच पसरली होती. खरं-खोटं देव जाणे. पण गहाणखत जाळणारा चोर लोकांना आवडतो, हे समजायला आपल्याला अमेरिकेत जायला नको. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखेच ओढून काढले आणि पेटवले. त्याचा धसका घेऊन सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

तर हा डिलिंजर. विशीत एका वाण्याला लुटायला गेला, पकडला गेला आणि जवळजवळ नऊ वर्षं तुरुंगात बसला. १९३३ च्या मे महिन्यात सुटला. १९३४ च्या जुलैत मेला. मधल्या चौदा महिन्यांत त्यानं अमेरिका हलवली. चौदा महिन्यांत आमच्या काकांना एका नोकरीच्या मुलाखतीचं पत्रही आलं नव्हतं. क्राउन पॉइंट नावाच्या गावच्या तुरुंगात त्याला ठेवलं, तेव्हा खुद्द सरकारी वकिलानं त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. त्या फोटोत डिलिंजरचा कोपरा वकिलाच्या खांद्यावर विसावलेला आहे, जसे काही दोघं मिळून जोतिबाला निघालेत. आणि ३ मार्च १९३४ ला या पठ्ठ्यानं लाकडाचं पिस्तूल दाखवून पहारेकऱ्यांना कोंडलं आणि तुरुंगाची प्रमुख असलेल्या बाईंचीच मोटार घेऊन पसार झाला.

लाकडाचं पिस्तूल! बुटाचं पॉलिश लावून काळं केलेलं, म्हणे!

त्या दुपारी माळ्यावर आम्ही चार पोरं गप्प बसलो होतो. काकांनी पुस्तक मिटलं. आणि माझ्या आयुष्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या दरोड्याचा बेत शिजला.

आमच्या घरात बँक एकच होती. स्वयंपाकघरातल्या फडताळात, वरच्या खणात, आज्जीचा बेसनाच्या लाडवांचा पितळी डबा. तो उघडायचा अधिकार आज्जीला आणि त्यातले लाडू मोजायचा अधिकार आजोबांना. आजोबा कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते. तालुक्याच्या कचेरीत खजिन्याचे कारकून. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याबरोबर आजोबाही विलीन झाले आणि पुढे पेन्शनीत निघाले. पण मोजायची सवय काही सुटली नाही. देवळातल्या पायऱ्या, जेवणातल्या पोळ्या, पोरांच्या खोड्या, सगळं मोजून मनात खतावत.

मी मोडक्या बॅटच्या दांडीचं पिस्तूल केलं. वडिलांच्या बुटाचं पॉलिश बोटांनी फासलं. शेजारचा एक दोस्त बोळाच्या तोंडाशी 'मोटार' घेऊन उभा राहिला. मोटार म्हणजे भाड्याची सायकल, तासाला पंधरा पैसे. बाकीचे दोघे पहाऱ्यावर. आज्जी परड्यात वाळवणाशी होती. मी खुर्चीवर चढलो, समोर हात वर करायला कुणी नव्हतं तरी पिस्तूल रोखलं, आणि सहा लाडू लांबवले.

डिलिंजरच्या हातून जी चूक झाली नव्हती ती माझ्या हातून झाली. पॉलिश वाळलं नव्हतं.

संध्याकाळी आजोबांनी डबा उघडला. आधी मोजले. मग झाकण उजेडात धरलं. झाकणावर पाच काळी बोटं अशी उमटली होती, की बोटांच्या ठशांच्या तज्ज्ञानंसुद्धा फीशिवाय साक्ष दिली असती. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी मला हाक मारली, माझा उजवा पंजा उलटा केला, पाहिला आणि शांतपणे विचारलं, "सहा का? एकदम पाच किंवा दहा का नाही?"

खजिन्यातल्या माणसाला चोरीपेक्षा आकडा जास्त खटकतो.

मी रडत रडत सगळं सांगितलं. डिलिंजर, लाकडी पिस्तूल, बुटाचं पॉलिश, पळवलेली मोटार. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण आजोबांना गोष्टीत रस वाटू लागला. त्यांनी काकांनाही बोलावून घेतलं आणि पुस्तकासकट समोर बसवलं. कसून चौकशी सुरू झाली. बँकेत शिल्लक किती असे? मोजायला किती कारकून? तिजोरीला कुलपं किती? एक की दोन? दोन किल्ल्या एकाच माणसाकडे कशा? काका 'आबा, ते पुस्तकात नाही' असं म्हणत होते आणि आजोबा 'मग काय लिहिलंय तरी काय त्यात?' असं पुटपुटत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या कॅशियरचं पुढं काय झालं?"

"कुठल्या कॅशियरचं?" काका म्हणाले.

"ज्याला हात वर करायला लावले त्याचं."

काकांनी पुढची पानं चाळली. मागची चाळली. कॅशियर कुठंच नव्हता. हात वर करून तो जो उभा राहिला, तो त्या कादंबरीत अजून तसाच उभा असेल.

"तूट कुणाच्या नावे टाकली, ते तरी?" आजोबा म्हणाले. तेही नव्हतं.

आज्जी चुलीपाशी बसून ऐकत होती. ती मूळची भुदरगडकडची. तिच्या बोलण्यात तो भाग शेवटपर्यंत राहिला. ती तिथूनच म्हणाली, "पोराला कशाला दमात घ्येताय? गारगोटीच्या टायमाला तुमी किल्ल्या उशाखाली घिऊन जागं ऱ्हायला हुता, त्ये सांगा की त्येला."

आजोबा एकदम गप्प झाले. डब्याचं झाकण लावलं, फडताळात ठेवलं आणि रंकाळ्यावर फिरायला निघून गेले. मला शिक्षा झालीच नाही. काकांनी मात्र आम्हाला दुसऱ्या दिवशी वेगळीच गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत मोटार नव्हती, टॉमी गन नव्हती आणि जानबाही नव्हता.

गारगोटी म्हणजे कोल्हापूरच्या दक्षिणेला वेदगंगेकाठचं तालुक्याचं गाव. १९४२ च्या ऑगस्टात 'चले जाव' झालं. आमच्याकडे प्रजा परिषद होती, माधवराव बागल होते, आणि रत्नाप्पाण्णा कुंभारांसारखी माणसं भूमिगत झाली होती. सरकारचं सरकारपण तालुक्याला दिसतं ते कचेरीत. तिथंच तुरुंग, तिथंच खजिना. १३ डिसेंबर १९४२ ला काही तरुणांनी गारगोटीच्या कचेरीवर हल्ला केला. गोळीबार झाला. सात जण पडले. करवीरय्या स्वामी, नारायण वारके, शंकरराव इंगळे, मल्लाप्पा चौगुले, तुकाराम भारमल, परशुराम साळुंखे, बळवंत जबशेट्टी. नावं वाचताना लक्षात येतं की ही आपल्या आसपासच्या गावांतली माणसं. कुणाचा शेतावरचा, कुणाचा गल्लीतला. अमेरिकेतल्या लुटारूंची टोपणनावं सगळ्या जगाला पाठ आहेत. या सातांची पूर्ण नावं किती कोल्हापूरकरांना सांगता येतील, हा प्रश्न मी इतरांना विचारायच्या भानगडीत पडत नाही, कारण पहिली पंचाईत माझीच होती. मला ती काकांनी पाठ करायला लावली तेव्हा आली.

त्या वेळी आजोबा गारगोटीला नव्हते. दुसऱ्याच एका कचेरीत होते. पण खजिन्याच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांच्या ताब्यात असे, आणि गारगोटीची बातमी आल्यापासून ती उशाखाली असे. आज आपण हुतात्म्यांची गोष्ट सांगतो तेव्हा कचेरीच्या आतल्या माणसाला सरसकट 'इंग्रजांचा नोकर' म्हणून मोकळे होतो. आजोबा इंग्रजांचे नव्हते, कोल्हापूर दरबारचे होते. पण गोळीला आणि इतिहासाला तो फरक कुठं दिसतो? घरात पाच तोंडं, पगार महिन्याला मोजका. तूट आली तर ती कारकुनाच्या नावे. आणि बाहेरून येणारी पोरं कदाचित आज्जीच्या माहेरची.

गारगोटीनंतर आमच्या या सगळ्या मुलखात खजिन्यांची झोप उडाली. ७ जून १९४३ ला सातारा जिल्ह्यात शेणोलीजवळ क्रांतिकारकांनी रुळांवर दगड रचून आगगाडी अडवली आणि सरकारी पगाराची रक्कम उचलली. त्यात जी. डी. बापू लाड होते आणि तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९४४ ला, यांतल्या मंडळींनी थेट खानदेश गाठला. धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना घेऊन जाणारी मोटार अडवली. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम मिळाली. त्या वेळचे साडेपाच लाख! आजोबा हा आकडा नेहमी टोपी काढून सांगायचे. आदर क्रांतिकारकांबद्दल की रकमेबद्दल, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कॅप्टन भाऊ तर नव्वदी ओलांडल्यावरही 'गाडी लुटली' हा शब्द मानायचे नाहीत. इंग्रजांनी लोकांचा पैसा लुटला होता, तो आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं.

इथं जानबा डिलिंजरची पुन्हा आठवण होते, ती हद्दीवरून. तुरुंगातून पळाल्यावर त्यानं चोरीची मोटार इंडियानातून शेजारच्या इलिनॉय राज्यात नेली आणि तिथंच फसला. कारण चोरलेली मोटार राज्याच्या हद्दीपार नेणं हा दिल्लीच्या, आपलं, वॉशिंग्टनच्या अखत्यारीतला गुन्हा. बँक लुटली तो गुन्हा राज्याचा आणि मोटार हद्दीपार गेली तो गुन्हा देशाचा! मग एडगर हूव्हरची माणसं मागे लागली. तोवर त्या माणसांना साधं पिस्तूल बाळगायलाही कायद्यानं धड परवानगी नव्हती, ती १९३४ सालीच मिळाली. आमच्याकडे नेमकं उलटं. आमचा मुलूख म्हणजे वाकळच. एक ठिगळ साताऱ्याचं, इंग्रजांचं. एक औंधचं. एक सांगलीचं, एक मिरजेचं, एक कुरुंदवाडचं, आणि खाली आमचं कोल्हापूर. ओढा ओलांडला की राजा बदलायचा. क्रांतिकारकांचं मोठं ठाणं असलेलं कुंडल हे गाव औंध संस्थानात. इंग्रजी फौजदारानं आधी कागद रंगवायचे, तोवर मंडळी दोन ओढे ओलांडून जेवायला बसलेली. अमेरिकेत हद्द ओलांडणारा अडकला, इथं हद्द ओलांडणारा सुटला.

तुरुंग फोडण्यातही आमची माणसं कमी नव्हती. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीच्या किल्ल्यातला तुरुंग फोडून बाहेर पडले. दोन साथीदार मारले गेले, दादांना गोळी लागली. १० सप्टेंबर १९४४ ला नागनाथअण्णा नायकवडी सातारच्या तुरुंगाची भिंत चढून गेले. यांत लाकडी पिस्तुलाची गंमत नव्हती. भिंत खरी, गोळी खरी.

मग पुढं काय झालं? डिलिंजरचं सांगतो. २२ जुलै १९३४ ला तो शिकागोच्या बायोग्राफ थिएटरात सिनेमा बघायला गेला. सिनेमाही गुंडांचाच, क्लार्क गेबलचा. बरोबरच्या बाईनं आधीच खबर दिली होती. बाहेर पडला आणि गोळ्यांनी पडला. त्या बाईला देशाबाहेर घालवणार नाही असं आश्वासन मिळालं होतं म्हणतात. दोन वर्षांत तिची रुमानियाला रवानगी झाली. सरकारी आश्वासनं सगळीकडे एकाच कारखान्यात होतात.

कारखान्यावरून आठवलं. आमच्याकडच्या मंडळींनी पुढे साखर कारखाने काढले. हसू नका, मी इतिहास सांगतोय. वसंतदादांनी सांगलीला काढला आणि १९७७ साली ते मुख्यमंत्रीही झाले. रत्नाप्पाण्णांनी पंचगंगा कारखाना उभारला, तेही देशाच्या घटना समितीत बसून आल्यावर. नागनाथअण्णांनी वाळव्याला कारखाना काढला आणि त्याला नाव दिलं किसन अहिर यांचं. किसन अहिर म्हणजे फेब्रुवारी १९४५ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडलेले त्यांचे साथीदार. खजिना लुटण्याचा आरोप असलेला माणूस पुढे हजारो शेतकऱ्यांच्या बिलांचा हिशेब ठेवतो, आणि कारखान्याच्या फाटकावर मेलेल्या मित्राचं नाव लिहितो, असा शेवट त्या फाटक्या कादंबरीत नव्हता. आजोबांनी यातलं बरंचसं पेन्शनीत बसून पाहिलं. पेपरात कारखान्याचा ताळेबंद आला की चष्मा पुसून वाचायचे आणि म्हणायचे, "पेटी आता ह्यांच्या ताब्यात आली. आता कळेल, तूट म्हणजे काय असते."

यात टोमणा किती आणि समाधान किती, हे मला तेव्हा कळत नसे. आता थोडं थोडं कळतं.

मंदीची एक गोष्ट राहिली. ती आमच्या घरातली. महामंदी अमेरिकेत आली म्हणजे कोल्हापूरला न येता थांबली असं नाही. शेतमालाचे भाव कोसळले. सारा मात्र होता तेवढाच. आजोबांचं बरं चाललं होतं, कारण पगार तोच आणि बाजार स्वस्त. पण आज्जीच्या माहेरी गूळ करायला जेवढा खर्च आला तेवढाही विकून येईना. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी सोन्याचं परिमाण सोडलं, सोन्याचा भाव चढला, आणि खेड्यापाड्यांतलं, बायकांच्या अंगावरचं सोनं सराफांच्या पेढ्यांमार्गे मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला जायला लागलं. इतिहासाच्या पुस्तकांत याला 'सुवर्णनिर्यात' म्हणतात. आमच्या घरात 'पाटल्या गेल्या' म्हणतात. आज्जीनं आपल्या पाटल्या मोडून भावाची जमीन सावकाराकडून सोडवली. त्यानंतर तिच्या हातांत काचेच्याच बांगड्या राहिल्या. कुठलाही प्रिटी बॉय तिचं गहाणखत जाळायला आला नव्हता. म्हणूनच, मला वाटतं, बेचाळीस साली जी पोरं रात्री परड्याच्या दारी आली, त्यांना तिनं कोण म्हणून विचारलं नाही.

ही भाकरींची गोष्ट तिनं मला ती फार थकल्यावर सांगितली. रात्री उशिरा परड्याचं दार वाजायचं. आज्जी भाकरी आणि खर्डा बुट्टीत घालून द्यायची. आत आजोबा खजिन्याची किल्ली उशाखाली घेऊन पडलेले. एका भिंतीच्या अलीकडे सरकारचा खजिना आणि पलीकडे तो लुटणाऱ्यांचं जेवण.

"ए आज्जी, आजोबांना कळलं नाही कधी?" मी विचारलं.

"ह्यास्नी? ह्येंची झोप म्हंजे..." आज्जी म्हणाली आणि नुसती हसली.

आजोबा १९८१ साली गेले. मागं त्यांची एक ट्रंक निघाली. तीत पागोट्याचं कापड, पेन्शनीचे कागद आणि घरखर्चाच्या वह्या. १९२८ पासूनच्या, एकही साल न चुकता. दर महिन्याच्या शेवटी जमेची आणि खर्चाची बेरीज, खाली दोन रेघा आणि बारीक सही. घरच्या वहीवर सही करणारा हा एकच माणूस मी पाहिला. मी १९४२ ची वही काढली. काढताना मला चोरासारखंच वाटत होतं.

डिसेंबर महिना. मीठ, रॉकेल, दळण, दवाखाना. आणि महिन्याच्या अखेरीला आजोबांच्या त्या वळणदार अक्षरात एक ओळ होती : 'जोंधळे, दोन पायल्या. पाहुणे.'

जानेवारीतही तीच. फेब्रुवारीत तीन पायल्या. पाहुणे. मी वडिलांना विचारलं, त्या साली आपल्याकडे पाहुणे कोण येत होते? वडील म्हणाले, "छे, कचेरीच्या त्या गावात कोण यायचं? गारगोटीनंतर तर सगे-सोयरेसुद्धा फिरकत नव्हते."

त्या माणसानं सहा लाडवांचा हिशेब सोडला नाही. त्याला दोन पायल्यांची तूट दिसली नसती, असं कसं होईल? दिसली. मोजली. आणि कारकुनाच्या धर्माला जागून वहीत नोंदवलीही. फक्त कुणाच्या नावे टाकायची, ते त्यानं स्वतः ठरवलं होतं.

त्या वह्या माझ्याकडे आहेत. काकांची ती फाटकी कादंबरी मात्र कुठं गेली कोण जाणे. परवा बँकेत गेलो होतो. बंदूकवाल्यानं सवयीप्रमाणे वर पाहिलं, माझे हात सवयीप्रमाणे खिशातून बाहेर आले. काउंटरवरच्या कॅशियरनं पाचशेची नोट देताना ती दोनदा मोजून पाहिली. एकच नोट, दोनदा. मला हसू आलं. तो म्हणाला, "काय झालं साहेब? काही चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे. आमच्या घरी असंच मोजायचे."